एकट्यांच्या गोष्टी लिहून देणारे सर

सैंदाणे सर वेळ विचारायचे ती नेहमी दोन माणसांना. स्वतःच्या मनगटावर घड्याळ असताना. दोघांची वेळ जुळली तर मग आपलं घड्याळ बघायचे, आणि तिघांत दोन मिनिटांचाही फरक निघाला की मोठ्या समाधानानं म्हणायचे, "बघ अरुण, कोणीतरी खोटं बोलतंय." जळगावला बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. वरच्या खोलीत सर इंग्रजी शिकवायचे. जिना माझ्या दुकानातूनच होता, त्यामुळे आज कोण कोण खोटं बोललं याची खबर मला रोजच्या रोज मिळायची. सर जाऊन आता वर्ष होईल. वरची खोली मी कागदाचे गठ्ठे ठेवायला घेतली आहे.

संशय हे त्यांचं व्यसन होतं. दुसरं एकही नव्हतं. केळी घेताना फणीतलं एक केळं हुंगायचे, डोळे मिटायचे आणि "पावडर" एवढंच म्हणून पुढे चालू लागायचे. जळगावात जन्म काढून केळ्यांवर संशय घेणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. सकाळी मोबाइलवर कोणी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं की हे दुपारपर्यंत अस्वस्थ. "ह्याला माझ्याकडून काय पाहिजे असेल?" काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, सांगायच्या की लग्नात अंतरपाट धरल्यावर ह्यांनी त्याच्या कडेवरून डोकावून भटजींना विचारलं होतं, मुहूर्त नक्की हाच ना, कुठलं पंचांग पाहिलंत? काकू हे हसत सांगायच्या, पण मला वाटतं त्यांना ते अजून लागलेलं होतं.

हे सगळं चालून जायचं. खरा संशय एकाच जातीच्या वाक्यावर होता. कोणी म्हणालं, "मी एकट्यानं केलं," की सरांचा डावा डोळा बारीक व्हायचा. पेपरात रोज कोणाची ना कोणाची यशोगाथा येते. शून्यातून वर आलेला, कोणाच्या मदतीशिवाय, जिद्दीच्या जोरावर. सर ती माझ्या काउंटरवर उघडून पेन्सिलीनं वाचायचे आणि समासात लिहायचे, "बाकीचे कुठे गेले?" माझ्या दुकानातला एकही जुना पेपर रद्दीत असा गेला नाही ज्यावर हा प्रश्न नव्हता.

एकदा गावात एका गृहस्थांचा सत्कार होता. मूळचे इकडचे, अमेरिकेत जाऊन मोठी कंपनी काढलेले. सभागृह गच्च भरलं होतं. गृहस्थ बोलले छान. गेलो तेव्हा डोक्यावर कोणाचा हात नव्हता, जे आहे ते स्वतः उभं केलं, तुम्हीही कोणाची वाट बघू नका, तुमचं आयुष्य फक्त तुमच्या हातात आहे. पोरं उभं राहून टाळ्या वाजवत होती. मग प्रश्न विचारा म्हणाले, तर माझ्या शेजारून मिटलेली छत्री वर गेली.

"आपण इंजिनिअरिंगला जळगावलाच होतात ना? राहायला कुठे?" सरांनी विचारलं.

"थोरल्या भावाकडे."

"आणि डबा?"

"वहिनी द्यायच्या."

"चार वर्षं?"

"हो, चार."

"वहिनींचं नाव काय?"

गृहस्थ हसले. मग हसता हसता थांबले. माइक हातात तसाच. "आम्ही त्यांना वहिनीच म्हणायचो," असं शेवटी म्हणाले. सर "धन्यवाद" म्हणून खाली बसले. सूत्रसंचालकानं घाईघाईनं पुष्पगुच्छ पुढे केला.

बाहेर आल्यावर मी सरांवर चिडलो. चारचौघांत माणसाला असं उघडं पाडायचं कशाला? सर म्हणाले, "माणूस वाईट नाही रे. त्यानं खोटं सांगितलं नाही, त्याला तसंच आठवतंय. मला भीती त्याचीच वाटते." मी विषय बदलला, कारण माझ्या मोठ्या वहिनीचं माहेरचं नाव मलाही आठवत नव्हतं.

आता गंमत अशी की, ह्याच माणसाचं पोट एकट्यांच्या गोष्टी लिहून देण्यावर चालत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर सरांकडे पोरं यायची ती अमेरिकेच्या अर्जासाठी. तिकडच्या विद्यापीठांना नुसते मार्क चालत नाहीत, निबंध लागतो. तू कोण, तू काय केलंस, तू कशावर मात केलीस. चोपडा, पारोळा, शिरपूर, धुळे, कुठकुठून पोरं येत आणि आपापला कच्चा निबंध घेऊन येत. ते निबंध मी टाइप करायचो म्हणून सांगतो, त्यात त्या पोराला शोधावं लागायचं. पहिल्या परिच्छेदात आजोबा, दुसऱ्यात मामा, तिसऱ्यात मुख्याध्यापक, मग कुलदैवत, मग गावातले सहकार्य करणारे. एका पोरानं तर लग्नपत्रिकेसारखी सुरुवात केली होती आणि शेवटी सगळ्या काका-काकूंची नावं मानाप्रमाणे उतरत्या क्रमानं दिली होती. चुलत काकांचं नाव राहिलं तर घरी बोलणी बसतील म्हणून ते हातानं वर चिकटवलं होतं.

सर पेन्सिल घेऊन बसायचे आणि एकेकाला बाहेर काढायचे. "मामा बाहेर. मुख्याध्यापक बाहेर. देवाला राहू दे, नको, तोही बाहेर." पोरगं कासावीस व्हायचं. सर समजावायचे, "अरे, तिकडच्या माणसाला गर्दीत उभा असलेला माणूस दिसत नाही. त्याला मोकळ्या वावरात एकटा उभा केलेला लागतो. आपण तुला तिथे नेऊन उभा करतोय, फोटोपुरता. फोटो झाला की परत ये."

त्यांचा एक नियम होता. गाळायचं, पण घालायचं नाही. एक शब्द खोटा चालायचा नाही. कोणी न केलेली समाजसेवा घालून आणली की सर त्याला जिन्यावरूनच परत पाठवायचे. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला हे पटत नाही, मग लिहून का देता?" त्यावर म्हणाले, "पोरांना जायचंय. मला इंग्रजी येतं. मी नाही लिहिलं तर पुण्याचा कोणी लिहील, आणि तो घालील." हे उत्तर मला तेव्हा पटलं होतं. आता तितकंसं पटत नाही.

हर्षल आला तो त्याच्या भावाबरोबर. धुळ्याकडचा, सोनगीरच्या पुढे हायवेपासून आत त्यांचं गाव. वडील लवकर गेलेले. थोरला सुदाम कॉलेज सोडून शेतीत उतरलेला, कापूस आणि मका. तो हर्षलला घेऊन यायचा पण वर कधी चढायचा नाही. माझ्या दुकानात स्टुलावर बसून राहायचा. "वर जाईसन काय करू भाऊ, माले काय समजस त्यामा," म्हणायचा, आणि भावाचा आवाज वरून ऐकू आला की मान वर करून जिन्याकडे बघायचा. हिवाळ्यात सरांसाठी पिशवीभर भरताची वांगी आणायचा. सरांनी ती हुंगली, उलटी-पालटी केली आणि काही न बोलता ठेवून घेतली. सरांकडून सुटलेली ती मी पाहिलेली पहिली भाजी.

हर्षल हुशार होता, पण आदल्या वर्षी त्याला एकाही विद्यापीठानं घेतलं नव्हतं. ही दुसरी आणि शेवटची खेप. अर्जात प्रश्न होता, तुम्ही कोणत्या अडचणीवर मात केलीत? सर खाली माझ्या संगणकाशेजारी बसून विचारत होते आणि हर्षल सांगत होता. कॉलेजला कसा जायचास? भाऊ गाडीवर स्टँडपर्यंत सोडायचा. शेतात राबावं लागलं? भाऊ हात लावू द्यायचा नाही. घरी अभ्यासाला जागा? भाऊ ओट्यावर झोपायचा, खोली मला.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "अरे, तुझ्या सगळ्या अडचणी त्या सुदामनंच वापरून टाकल्या की! तुझ्या वाट्याला एकही शिल्लक नाही." आम्ही तिघंही हसलो. सुदाम त्या दिवशी आलेला नव्हता.

"कधीच कोणी म्हणालं नाही, शिकू नको म्हणून?" सरांनी उकरून काढायला सुरुवात केली.

हर्षलनं आठवलं. एका वर्षी कापूस वेचायला मजूर मिळेनात, पावसाची भीती, तेव्हा सुदाम चिडून म्हणाला होता, ठेव ती पुस्तकं आणि वावरात चल. "पण दुसऱ्या दिवशी त्यानंच मला परीक्षेला नेऊन सोडलं, सर."

सरांनी पहिलं वाक्य घेतलं. दुसरं गाळलं. माझा थोरला भाऊ म्हणाला, पुस्तकं ठेव आणि शेतात चल, पण मी माझा मार्ग स्वतः निवडला. अशा अर्थाचं इंग्रजी त्यांनी मला सांगितलं आणि मी टाइप केलं.  "सर, दुसरा दिवस?" मी म्हणालो.

"पाचशेच शब्द चालतात," सर म्हणाले. माझ्याकडे न बघता.

नियम मोडला नव्हता. एक शब्दही खोटा नव्हता. ज्या माणसानं भटजीवर विश्वास ठेवला नाही, त्यानं आपल्या हातच्या वाक्यावर ठेवला. मीही तो कागद तसाच छापला. मला दुपारपर्यंत आणखी तीन कामं उरकायची होती.

हर्षलला प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीसकट. सुदाम पेढे घेऊन आला तेव्हा पहिल्यांदा जिना चढून वर गेला आणि सरांच्या पाया पडला. पेढ्याचा खवा कुठला, हे सरांनी विचारलं नाही.

दोन वर्षांनी एका सकाळी सर दुकानात आले आणि काउंटरवर तीन कागद मांडले. एक माझ्याकडून छापलेला हर्षलचा निबंध. दुसरा त्याच्या विद्यापीठानं संकेतस्थळावर टाकलेला त्याच्यावरचा लेख. तिसरा आपल्याकडच्या पेपरातलं कात्रण, वर हर्षलचा कोटातला फोटो आणि मथळा: "भावाचा विरोध झुगारून गाठली अमेरिका". आत लिहिलं होतं की, भावानं पुस्तकं विहिरीत फेकली, तरी जिद्दी हर्षल खचला नाही.

"विहीर कुठून आली?" सर पेन्सिल घेऊन शोधायला लागले. निबंधात भाऊ नुसता 'पुस्तकं ठेव' म्हणाला होता. विद्यापीठाच्या लेखात त्यानं पुस्तकं काढून घेतली होती. पेपरात ती विहिरीत पडली होती. "प्रत्येकानं आपापलं थोडं घातलंय," सर म्हणाले. मग त्यांचं बोट मागे मागे सरकत पहिल्या कागदावर आलं आणि तिथेच राहिलं. मी गिऱ्हाईकाच्या झेरॉक्स काढत राहिलो. त्यांनी हर्षलला निरोप टाकला, हे दुरुस्त करायला सांग. संध्याकाळी उत्तर आलं, "बघतो सर."

आठ-दहा दिवसांनी सुदाम दुकानात आला. लग्नासाठीचा बायोडाटा पुन्हा काढून हवा होता. मी म्हणालो, अरे, पुन्हा कशाला, तुझं तर जमत आलं होतं ना? जमलंच होतं म्हणे. शिंदखेड्याकडची मुलगी, बी.एड. करणारी, लग्नानंतर शिकवायची तिची इच्छा, सुदामची तयारी. शेती करणाऱ्या मुलाला आमच्याकडे मुलगी मिळणं काय अवघड झालंय, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. पण मुलीच्या वडिलांनी पेपर वाचला. म्हणाले, जो सख्ख्या भावाला शिकू देत नाही, तो बायकोला काय शिकू देणार?

"गावमां बठ्ठास्नी वाची लिधं," सगळ्या गावानं वाचलं असं सुदाम हसत म्हणाला. ते हसणं मला बघवेना. "पेपरवाला काही बी लिखतस. हर्षलनी तसं सांगेल नसी." मी वर पाहिलं, तर सर जिन्याच्या मधल्या पायरीवर उभे होते. सगळं ऐकलेलं. सुदामनं त्यांना नमस्कार केला. सरांनी नुसती मान हलवली आणि परत वर निघून गेले. मला त्यांचा तेव्हा राग आला होता, भित्रे कुठले म्हणून. मी तरी कुठे तोंड उघडलं होतं?

श्रावणात एका सकाळी सर छत्री घेऊन आले. "दुकान बंद कर. सोनगीरला जायचंय." धुळ्याला गाडी बदलून आम्ही सुदामच्या गावी पोचलो, तेव्हा घरात भाऊबंदांची ही गर्दी. दुसऱ्या दिवशी कानबाई, आमच्याकडची कुळाची देवी, बसणार होती. आमच्या खानदेशात कानबाईच्या नैवेद्याचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करतात, त्यासाठी घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. तो घरी असो, मुंबईला असो, कुठेही असो. रोट खायचेही घराण्यातल्यांनीच, म्हणून आम्हा दोघांना अंगणात खाटेवर बसवून चहा दिला.

ओसरीत सुदामची आई एकेक नाव घेऊन सुपात मूठ टाकत होती. हर्षलच्या नावाला आली, तेवढ्यात एक चुलत काका मोठ्यानं म्हणाले, "त्यानी मूठ कसाले टाकतीस? तो तं एकलाच मोठा व्हयना ना!" कोणीतरी हसलं. आईचा हात गव्हाच्या पाटीतच थांबला. सुदाम बाहेरून पाण्याची घागर घेऊन येत होता. त्यानं ती खाली ठेवली, सदऱ्याला हात पुसले, आईच्या शेजारी बसला आणि स्वतः मूठ भरून सुपात टाकली. वर चिमूट-चिमूट करून पाव मूठ आणखी. "त्यानी आपलं नाव लिधं का नही लिधं, हाऊ त्याना इचार," तो म्हणाला. "मूठ तं टाकनीच पडस." काका उठून बाहेर गेले. आईनं पुढचं नाव घेतलं.

सरांच्या हातातला चहा निवून गेला होता. सुदाम अंगणात आल्यावर ते उभे राहिले. "सुदाम, ते वाक्य माझं आहे. हर्षलचं नाही. मी लिहिलं." मग त्यांनी सगळं सांगितलं, अर्धं घेतलं आणि अर्धं कसं गाळलं ते. शाळेत पोरानं छडीसाठी हात पुढे करावा तसे ते उभे होते.

सुदामनं त्यांच्या हातातला निवलेला चहा काढून घेतला. "तिकडे लागत व्हई तसं," एवढंच म्हणाला.

"मी विद्यापीठाला पत्र लिहितो. खरं काय ते कळवतो. छापायला लावतो."

सुदामचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "नको सर! त्यानं बठ्ठं बिघडी जाई. तो तठे एकला शे. मनं लगीन काय, आज नही तं सकाय व्हई." त्यानं सरांकडून तसं वचन घेतलं, आणि आईला यातलं काही सांगायचं नाही असंही. निघताना आम्हाला मक्याची कणसं बांधून दिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुळीवर ढकललं.

वचन पत्र न लिहिण्याचं आणि आईला न सांगण्याचं दिलं होतं, बाकी कशाचं नाही. पुढच्याच आठवड्यात सर मला घेऊन मुलीच्या घरी गेले. मुलीचे वडील, आत्माराम आबा, सरांच्याच वयाचे. दोन मिनिटांत माझ्या ध्यानात आलं की आज बरोबरीची गाठ पडलीय. आबांनी आम्हाला बसा म्हटलं, पण पाणी मागवलं नाही.

"कोन धाडं तुम्हले?"

"कोणी नाही."

"कोनीच धाडं नही, मंग आले कसाले?"

सरांनी कागद काढले. मूळ निबंध, त्यावरच्या स्वतःच्या खुणा, विद्यापीठाचा लेख, पेपर. समजावून सांगितलं. आबांनी चष्मा लावून सगळं नीट पाहिलं, इंग्रजी कागदही पाहिला, आणि घडी करून परत दिला. "म्हणजे तुम्ही पैसा लीसन असं लिखी देतस. मंग आज सांगी राहिनात ते खरं कशावरून?"

सरांनी उभा जन्म लोकांना हाच प्रश्न विचारला होता.  ते कागदाकडे बघत बसले. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या, म्हणजे मुलगी ऐकत होती.

मग सरांनी मोबाइल काढला. "त्यालाच विचारू." संध्याकाळचे सात वाजत होते, तिकडे सकाळ. सरांनी आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला आणि फोन आबांसमोर खाटेवर ठेवला. हर्षलनं उचलला. बस की काय, मागे आवाज येत होता. सरांनी आपण कुठे आहोत ते सांगितलं नाही. हे मला तेव्हा खटकलं. फक्त म्हणाले, सुदामचं लग्न त्या लेखामुळे मोडलंय, तू मुलीच्या वडिलांना एक फोन कर आणि खरं सांग.

 "सर, ते तुम्हीच लिहिलं होतं," हर्षल म्हणाला. "इथे मला सगळे त्याच गोष्टीनं ओळखतात. आता मी नाही कसं म्हणू? खरं सांगू, आता मलाही आठवतं ते तसंच आठवतं." मग आवाज थोडा कोरडा झाला. "आणि सर, भाऊचं लग्न हा त्याचा प्रश्न आहे. इथे प्रत्येकजण आपापलं बघतो. मी माझं केलं, त्यानं त्याचं करावं. माझा स्टॉप आला. ठेवतो."

 मी सरांकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, संपलं. चला, उठा.

आबा अजून फोनकडेच बघत होते. "ह्या पोर्‍याले कोनी अडायेल नही," ते सावकाश म्हणाले. "अडायेल पोर असं बोलस नही. हाऊ लाडमा वाढेल शे. कोनी तरी याना बठ्ठा भार उचलेल शे." मग आत तोंड करून म्हणाले, "चहा ठेवा व पाव्हन्यास्ले."

अशा रीतीनं सुदामचं लग्न जमलं. सरांना चहा गेला नाही. परतीच्या गाडीत धुळ्याच्या पुढे ते एकदाच म्हणाले, "हे बोलायला त्याला मी शिकवलं." तसं नाही हो सर, असं मी म्हणालो, पण माझ्याच मनात ते पक्कं नव्हतं. त्यानंतर त्यांनी एकही निबंध लिहून दिला नाही. पोरं यायची, मी खालूनच परत पाठवायचो.

लग्न वैशाखात झालं, मुलीच्या गावी. हर्षलला रजा मिळाली नव्हती. सर आले होते, कडक इस्त्रीचा सदरा घालून. अक्षता पडल्या आणि सुदाम तसाच, मुंडावळ्या बांधलेला, घामानं डबडबलेला, गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला. सरांच्या पाया पडला आणि त्यांचे दोन्ही हात धरून विचारलं, "सर, एक सांगा. आबा तयार कसा व्हयनात? तुम्ही काय सांगं त्यास्ले?"

सर त्याच्याकडे बघत राहिले.  ह्या माणसाला खरं लपवता येत नाही, हे मला माहीत होतं.

"माझं सांगणं त्यांना पटलं नाही," सर म्हणाले. "हर्षल फोनवर बोलला. तो बोलला, तेव्हा जमलं."

एक शब्दही खोटा नव्हता. सुदामचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. "माले माहीत व्हतं!" तो ओरडला. "माय, ऐकं का? हर्षलनी फोन करा व्हता! मना भाऊनी जमाडं मनं लगीन!" आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. तो चुलत काका तिथेच होता, सुदामनं त्यालाही खांदा धरून सांगितलं. आत्माराम आबांनी दुरून सरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

पंगतीला सर दिसेनात. मी शोधत बाहेर आलो, तर ते भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभे होते, धुळ्याच्या गाडीला हात करत. "सर, जेवून तरी जा," मी म्हणालो. "तू जेव," ते म्हणाले, "मला आज त्या मांडवात बसवत नाही." गाडी थांबली. ते चढले आणि खिडकीशी बसले, तोंड पलीकडे करून. त्यानंतर ते दुकानाकडे फिरकले नाहीत, पुढे महिन्याभरातच आपल्या मुलीकडे नाशिकला गेले आणि तिथेच वारले, त्यामुळे माझ्यासाठी ते शेवटचं दर्शन. मी मांडवात परत आलो तेव्हा सुदाम माइक हातात घेऊन सगळ्या गावाला सांगत होता, भाऊ असावा तं असा.